उन्हाळ्यात पदवीच्या मुलांकडून जंगलाचा अभ्यास करून घेताना: इंदूरच्या मार्गदर्शकांसाठी क्रमवार पद्धत

मे महिना लागला की इंदूरच्या कॉलेजांत एकच चित्र दिसतं. परीक्षा नुकत्याच आटोपलेल्या, मुलं ‘चोरल परिसरातील वनस्पती विविधता’ असा भला मोठा विषय घेऊन उत्साहानं तयार, वन विभागाचा अर्ज अजून लिहायचाच आहे आणि महिन्या-दीड महिन्यात पाऊस दाराशी. परवानगीत पंधरा-वीस दिवस जातात. उरलेल्या दिवसांत जमेल तिथे मोजणीचे चौकोन जमिनीवर आखले जातात आणि जुलैत असा अहवाल हाती येतो ज्यातून कसलाच निष्कर्ष निघत नाही. मुलांनी उन्हात घाम गाळलेला असतो. तो असा वाया जाताना पाहवत नाही.

यातल्या बहुतेक चुका जंगलात होत नाहीत, त्या मार्च-एप्रिलमध्ये मार्गदर्शकाच्या हातून होतात. प्रश्न वेळेवर लहान केला नाही आणि पहिल्या आठवड्यात मुलांबरोबर टेप धरून कोणी उभं राहिलं नाही, तर पुढे कितीही तपासलं तरी काही सुधारत नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. बी.एस्सी.च्या मुलांना पाच-सहा आठवड्यांचं काम द्यायचं आहे असं धरलं आहे. उदाहरणं महू, चोरल, मानपूर भागातल्या जंगलाची आहेत.

१. विषय नको, प्रश्न द्या (फेब्रुवारी-मार्च)

‘विविधता’ हा विषय झाला. प्रश्न असा हवा, की टेप, दोरी आणि वही घेऊन तीसेक चौकोनांतून त्याचं उत्तर निघेल. शिवाय तो उन्हाळ्यात विचारण्याजोगा हवा, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

आपल्याकडचं जंगल कोरडं पानगळीचं: साग, धावडा, ऐन, सालई, तेंदू, पळस, मोह. मे महिन्यात गवत वाळलेलं असतं, पावसाळी रोपटी कधीच मरून गेलेली असतात. त्या दिवसांत जमिनीलगतच्या वनस्पतींची यादी केली तर ती अपुरीच राहणार. मोहाचं बी पावसाच्या तोंडाशी पडतं आणि लगेच रुजतं. मे महिन्यात दिसणारी मोहाची रोपं म्हणजे जवळजवळ वर्षभर किंवा त्याहून जास्त तगलेली रोपं. हे आधी समजावलं नाही तर मुलं ‘मोहाची नवी रोपं येणंच थांबलं आहे’ असं लिहून मोकळी होतात. तेंदू आणि पळस मुळांपासूनही फुटतात. समोरचं रोप बियाचं की मुळाच्या फुटव्याचं, हे खणल्याशिवाय सांगता येत नाही आणि खणायचं तर मुळीच नाही. तेव्हा तक्त्यात ‘रोप किंवा फुटवा’ असा एकच रकाना ठेवा.

उन्हाळ्यात चांगले जमणारे प्रश्न वेगळे आहेत: तोडलेल्या सागाच्या खुंटांना किती फुटवे येतात, आगीच्या खुणा असलेल्या पट्ट्यात कोणत्या जातींची रोपं तगली, शेताच्या बांधावरच्या आणि जंगलातल्या मोहांच्या खोडाच्या घेरात काय फरक आहे. या लेखासाठी एकच उदाहरण धरून चालू: घाणेरीच्या (लँटाना) दाट जाळीत आणि जाळीबाहेर झाडांची रोपं किती?

प्रश्न सोपा दिसतो, पण त्यात एक खड्डा आहे. घाणेरी नाल्याकाठी, रस्त्यालगत, जंगलाच्या कडेला, म्हणजे जिथे उजेड आणि वावर जास्त तिथे अधिक माजते. रस्त्याकडेचे घाणेरीचे चौकोन आणि आत खोलवरचे मोकळे चौकोन यांची तुलना केली, तर फरक घाणेरीचा की रस्त्याचा, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून जोड्या करा. घाणेरीतला एक चौकोन आणि त्याच कक्षातला (वन विभागानं क्रमांक दिलेल्या जंगलाच्या तुकड्यातला), त्याच उतारावरचा, रस्त्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावरचा, शंभर मीटरच्या आतला बिनघाणेरीचा दुसरा. अशा १५ जोड्या पुरेत. मुलांना ३० चौकोन कमी वाटतात. एका सकाळी चारपेक्षा जास्त चौकोन नीट होत नाहीत हे कळलं की वाटणं थांबतं.

तपासा: मुलाला प्रश्न एका वाक्यात सांगायला लावा. मग शेवटचा आलेख आत्ताच, आकड्यांशिवाय, हातानं काढायला सांगा. आडव्या रेषेवर काय आणि उभ्या रेषेवर काय हे त्याला लिहिता येत नसेल, तर प्रश्न अजून तयार नाही.

२. जागा आणि परवानगी (मार्च संपण्याआधी)

राखीव जंगलात काम करायचं तर अर्ज इंदूर वनमंडळाच्या डीएफओंकडे (विभागीय वन अधिकाऱ्यांकडे), प्राचार्यांच्या पत्रासह. त्यात मुलांची नावं, तारखा, रेंज (वनपरिक्षेत्र), बीट (एका वनरक्षकाकडचा भाग), कक्ष क्रमांक, काय मोजणार, काय तोडणार नाही आणि जबाबदार शिक्षकाचा फोन, एवढं दोन पानांत हवं. ‘महूच्या जंगलात अभ्यास’ असा मोघम अर्ज हमखास परत येतो.

रालामंडल शहराला लागून, त्यामुळे तिथेच काम करायचा मोह होतो. पण ते अभयारण्य आहे. तिथल्या संशोधनासाठी १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव अभिरक्षकांची परवानगी लागते. सहा आठवड्यांच्या कामासाठी हा मार्ग धरू नका. धरायचाच असेल तर थंडीतच सुरुवात करा.

डीएफओंचं पत्र हाती आलं म्हणजे काम झालं, ही दुसरी सर्रास चूक. मुलांना नेण्याआधी तुम्ही स्वतः रेंज ऑफिसात जा, डेप्युटी रेंजर आणि त्या बीटच्या नाकेदाराला (वनरक्षकाला) भेटा. त्यांना तीन गोष्टी विचारा. यंदा आग कुठून गेली? तेंदूपत्त्याची तोडणी कोणत्या भागात चालणार? आणि या कक्षात गेल्या काही वर्षांत विरळणी (दाटी कमी करायला केलेली झाडतोड) किंवा रोपण झालं का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एका कक्षात विरळणी झाली आणि दुसऱ्यात नाही, तर त्या दोघांची तुलना तिथेच बाद. हे नाकेदाराला तोंडपाठ असतं, शिवाय वन विभागाच्या कार्य आयोजनेतही (वर्किंग प्लॅन) नोंदलेलं असतं. मुलांना मात्र कोणी सांगितल्याशिवाय कधीच कळणार नाही.

चौकोनांच्या जागा घरी बसून ठरवा. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर कक्षाच्या हद्दीत यादृच्छिक (रँडम) बिंदू टाकून देतं. त्या बिंदूपासून सर्वांत जवळची घाणेरीची जाळी, आणि तिची जोडी वरच्या नियमानं. बिंदू कड्यावर किंवा नाल्यात पडला तर काय करायचं, तेही आधी लिहा. उदाहरणार्थ, ‘यादीतला पुढचा बिंदू घ्यावा’. हा निर्णय जंगलात उभं राहून घेतला, की पाय आपोआप सावलीकडे वळतात.

इशारा: फांदी, बी, साल काहीही आणायचं असेल तर अर्जात तसं स्पष्ट मागा. मागितलं नसेल तर फक्त फोटो. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतात. काडेपेटी, लायटर, चहाचा स्टोव्ह यांतलं काहीही जंगलात न्यायचं नाही.

३. मुलं, पालक, गावचा माणूस (एप्रिल)

चार जणांची एक तुकडी. एका मार्गदर्शकानं दोनपेक्षा जास्त तुकड्या घेऊ नयेत. निवड गुणांवर करू नका. प्रॅक्टिकलच्या वहीत ज्याच्या नोंदी स्वच्छ असतात आणि खाडाखोड लपवलेली नसते, तो मुलगा जंगलात उपयोगी पडतो. तुकडीत मुलगी एकटी असू नये.

पालकांना एका संध्याकाळी कॉलेजात बोलवा. आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो, ‘मॅडम, तिकडे बिबट्या आहे ना?’ आहे, असं सरळ सांगा. आणि त्याच दमात सांगा की गट सोडून कोणी फिरणार नाही, गाडी दिवसभर तिथेच राहील, दहा-साडेदहाला काम थांबेल, सोबत गावचा माणूस असेल, आणि वेळ आलीच तर कोणत्या दवाखान्यात नेणार हे ठरलेलं आहे. लेखी संमती त्याच दिवशी घ्या.

गावचा माणूस आत्ताच ठरवा. मे महिन्यात पहाटेपासून अख्खं गाव तेंदूपत्ता तोडायला जातं आणि त्या कमाईवर पुढचे महिने निघतात. ऐनवेळी ‘चला आमच्याबरोबर’ म्हणणं बरोबर नाही. मजुरी आधी ठरवा, त्याच्या बुडणाऱ्या कमाईपेक्षा कमी नको, आणि त्याच दिवशी हातात द्या. पर्णहीन झाड नुसत्या सालीवरून ओळखणारा तोच असतो. धावड्याची गुळगुळीत राखाडी साल, सालईचे कागदासारखे सुटणारे पापुद्रे, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, हे मुलं त्याच्याकडून एका सकाळीत शिकतात.

४. पद्धत कागदावर आणा (एप्रिल अखेर)

अहवालातला ‘पद्धत’ हा भाग आत्ता लिहायचा, जुलैत नव्हे. मुलांनी लिहावा, तुम्ही लाल पेन चालवावं. आमच्या उदाहरणात तो असा होतो:

• मोठा चौकोन १० × १० मीटर. यात १.३७ मीटर (साडेचार फूट) उंचीवर घेर ३० सेंमी किंवा जास्त असलेली झाडं आणि १० ते ३० सेंमी घेराची तरुण झाडं.
• त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ५ × ५ मीटरचा लहान चौकोन. यात १० सेंमीपेक्षा कमी घेराची किंवा १.३७ मीटरपर्यंत न पोहोचलेली सगळी रोपं किंवा फुटवे. कोपरा कायम नैर्ऋत्यच. नाहीतर ज्या कोपऱ्यात काटे कमी तोच निवडला जातो.
• हद्दीवरचं झाड: बुंध्याचा मध्य आत असेल तर आत.
• उतारावर: १.३७ मीटर चढाच्या बाजूनं मोजायचं.
• कललेलं झाड: ज्या बाजूला कललं आहे त्या बाजूनं, खोडाच्या लांबीनं.
• १.३७ मीटरच्या खाली दुभंगलेलं: दोन्ही खोडांचे घेर वेगळे, झाड एकच.
• त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा: त्याच्या लगेच वर, आणि शेऱ्यात नोंद.
• घाणेरीचं आच्छादन पाच गटांत: नाही, २५ टक्क्यांपर्यंत, ५०पर्यंत, ७५पर्यंत, त्याहून जास्त.

जातींची यादीही आत्ताच करा. नाकेदार ‘साजा’ म्हणेल, घरी मराठीत ‘ऐन’ म्हणतील, पुस्तकात तिसरंच नाव असेल. अचार आणि चारोळी, महुआ आणि मोह यांचंही तेच. प्रत्येक जातीला एक छोटा संकेत द्या आणि तक्त्यात तोच लिहा. ओळखू न आलेल्या झाडाला ‘अनोळखी १’, ‘अनोळखी २’ असे क्रमांक द्या. फोटो खोड, फांदी, पान दोन्ही बाजूंनी, फळ आणि खाली पडलेली पानं, असे सगळे. अंदाजानं नाव लिहायला सक्त मनाई.

५. कॉलेजच्या आवारात रंगीत तालीम (परीक्षा संपताच)

एकच जुना कडुनिंब घ्या. चारही मुलांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे आकडे न बघता घेर मोजायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या उघडल्या की चार-पाच सेंमीचा फरक सहज निघतो. का, ते तिथल्या तिथे शोधा. बहुतेक वेळा जाड खोडाच्या मागच्या बाजूला टेप खाली घसरलेला असतो आणि समोर उभ्या मुलाला ते दिसत नाही. कधी टेपखाली वेल दबलेला असतो. कधी शून्याची जागाच चुकते, कारण काही टेपांचा शून्य कडीच्या टोकापासून धरतात, काहींचा पट्टीवरच्या रेघेपासून. एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं झाडाला फेरी मारून टेप सपाट आहे का ते पाहायचं, ही सवय इथेच लावा. १.३७ मीटरची एक काठी प्रत्येक तुकडीला द्या. खांद्यावरून अंदाज चालणार नाही, सगळ्यांचे खांदे सारखे नसतात.

मग मैदानावर चौकोन आखायला लावा. बाजू १० मीटरच्या झाल्या म्हणजे चौकोन झाला असं नाही, तो तिरका होतो. कर्ण मोजा: मोठ्याचा १४.१४ मीटर, लहानाचा ७.०७ मीटर. दोन्ही कर्ण जुळेपर्यंत खुंट्या हलवत राहायचं.

तपासा: फरक १ सेंमीच्या आत येईपर्यंत तालीम चालू ठेवा. एक दिवस जादा गेला तरी चालेल.

६. जंगलातले पहिले तीन दिवस: तुम्ही तिथे हवेतच

पहिल्या दिवसाचे चौकोन मोजणीत धरायचे नाहीत. हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे घाई होत नाही आणि खाडाखोड करायची भीतीही वाटत नाही.

उतार हा या भागातला खरा त्रास. चोरलच्या बाजूला घाट उतरू लागला की सपाट जागा मिळत नाही. क्षेत्रफळ नेहमी आडव्या अंतरावर मोजलं जातं. २० अंशांच्या उतारावर १० मीटर आडवं अंतर हवं असेल, तर जमिनीवरून १०.६४ मीटर टेप सोडावा लागतो. १० अंशांवर १०.१५ मीटर. मोबाइलमधलं उतार मोजायचं ॲप यासाठी पुरतं. अंशांनुसार किती टेप सोडायचा याचा छोटा तक्ता वहीच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवा. उताराच्या दिशेच्या बाजूंनाच ही दुरुस्ती लागते, आडव्या बाजूंना नाही. दुरुस्ती केलेल्या चौकोनाचा कर्णही जमिनीवर लांब येतो, तेव्हा तिथे १४.१४ जुळवत बसू नका. दोन्ही कर्ण सारखे आहेत एवढंच पाहा.

आच्छादनाचा अंदाज ही दुसरी अडचण. पहिल्या काही चौकोनांत प्रत्येकानं आपला गट वहीत लिहायचा, मगच बोलायचं. एक जण म्हणतो ५०, दुसरा ७५. चर्चा करा, पुन्हा बघा. दोन दिवसांत नजर जुळते. जुळली नाही तर संपूर्ण काळ अंदाज एकाच मुलानं करायचा. घाणेरीत शिरताना कोयता चालवू नका, काठीनं फांद्या बाजूला करून वाकून रोपं मोजा. कपडे पूर्ण बाह्यांचे, हातमोजे चामड्याचे.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट आवर्जून करा. आदल्या दिवशी मुलांनी केलेला एक चौकोन, त्यांची वही न बघता, तुम्ही स्वतः मोजा. रोपांची संख्या हमखास वेगळी येते, विशेषतः वाळक्या पानांखाली दबलेली बोटभर उंचीची रोपं मुलांच्या नजरेतून सुटतात. रागावू नका. पानं हातानं बाजूला सारून ओळीनं कसं मोजत जायचं, ते गुडघ्यावर बसून दाखवा.

७. रोजचा क्रम आणि जिवाची काळजी

शहरातून पाचला निघा, साडेसहाला पहिली खुंटी, साडेदहाला काम बंद. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. ‘अजून एकच चौकोन’ हा मोह तुम्ही मोडायचा. माणशी चार लिटर पाणी, ओआरएस, टोपी, बंद बूट. कोणी बरळू लागलं, अंग तापून चक्कर आली, तर त्या क्षणी काम थांबवा. सावली, ओलं कापड, वारा आणि १०८ नंबर. बऱ्याच दऱ्यांत नेटवर्क नसतं, म्हणून फोन कुठून लागतो ती जागा पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

• साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही नाही. अंग न हलवता थेट सरकारी दवाखाना. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध (प्रतिविष) आहे हे आधी विचारून ठेवा. इंदूरला एम. वाय. हे मोठं सरकारी रुग्णालय आहेच, पण ते अंतर लक्षात घ्या.
• आग्या मोहोळ दिसलं तर तो चौकोन सोडा. अत्तर, परफ्यूम लावून कोणी येऊ नये.
• खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा झुडपांवर लोंबत असतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवा.
• जूनमध्ये आभाळ गडगडलं की उघड्या टेकाडावरून आणि एकट्या झाडाखालून निघा, गाडीत बसा.

परतताना ‘आज किती चौकोन झाले?’ हे विचारूच नका. ‘आज कुठे अडलं?’ हे विचारा. ज्या तुकडीला संख्येची शाबासकी मिळते, ती तुकडी पुढच्या आठवड्यात झाडाखाली बसून आकडे भरते. तिला तसं शिकवणारे आपणच असतो.

८. नोंदी त्याच संध्याकाळी

जंगलात पेन्सिल आणि शिवलेली वही. सुटे कागद नकोत, उडतात. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर नाही. संध्याकाळी एकानं वाचायचं, दुसऱ्यानं एक्सेलमध्ये भरायचं, आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो.

नेहमीच्या चुका: शून्य आणि रिकामा रकाना एक मानणं (शून्य म्हणजे पाहिलं, नव्हतं, रिकामं म्हणजे पाहिलंच नाही). एकाच रकान्यात कधी घेर, कधी व्यास. घेरच भरा, व्यास नंतर ३.१४१६ने भागून काढा. ९४ सेंमी घेर म्हणजे २९.९ सेंमी व्यास. जातीचं नाव तीन प्रकारे लिहिणं, मग एक्सेल त्या तीन जाती धरतं.

तपासा: आठवड्यातून एकदा घेरांचा शेवटचा अंक बघा. निम्म्याहून जास्त आकडे ० किंवा ५ वर संपत असतील तर मुलं टेप वाचत नाहीत, अंदाज घेताहेत. दहातला एक चौकोन दुसऱ्या तुकडीकडून पुन्हा मोजून घ्या.

९. हिशेब आणि अहवाल (पाऊस लागल्यावर)

इंदूरकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. १२ जूनपर्यंत जंगलातलं काम आटपा, म्हणजे राहिलेल्या जोडीसाठी दोन-चार दिवस हाताशी असतात.

सर्वांत मोठी चूक इथे होते. चारशे रोपं मोजली म्हणून मुलं नमुना चारशेचा धरतात. नमुना १५ जोड्यांचाच आहे. प्रत्येक जोडीतला फरक काढा आणि आधी नुसतं मोजा: किती जोड्यांत जाळीबाहेर रोपं जास्त? इथे नाण्याचं उदाहरण देऊन शक्यता समजावता येते. १५पैकी १२ किंवा अधिक जोड्या एकाच बाजूला झुकणं निव्वळ योगायोगानं घडायची शक्यता सुमारे ३.५ टक्के, ११ किंवा अधिकची मात्र सुमारे १२ टक्के. समसमान निघालेली जोडी या मोजणीतून वगळा आणि शक्यता उरलेल्या जोड्यांवर पुन्हा काढा. हे स्वतः मांडून पाहिलेला मुलगा पुढे कोणतीही चाचणी समजून वापरतो. हेक्टरी आकडा द्यायचा तर लहान चौकोनाची संख्या ४००ने गुणा, मोठ्याची १००ने. ही गफलत अहवालात वारंवार सापडते.

फरक निघाला नाही तरी तो निकालच आहे. तो तसाच लिहायला लावा. आणि ‘घाणेरीमुळे रोपं मरतात’ असं वाक्य आलं तर कापा. एका उन्हाळ्याच्या मोजणीतून एवढंच म्हणता येतं की जाळीत रोपं कमी आढळली.

शेवटी तीन प्रती: अहवाल कॉलेजला, मूळ नोंदी, बिंदूंचे अक्षांश-रेखांश आणि नैर्ऋत्य कोपऱ्यातून काढलेले फोटो विभागाच्या कपाटात, पुढच्या तुकडीला तेच चौकोन सापडावेत म्हणून, आणि हिंदीत दोन पानांचा सारांश रेंज ऑफिसला. तो डाकेनं पाठवू नका. जुलैच्या सुरुवातीला, नाकेदार हजर असेल अशा दिवशी, मुलांना घेऊन जा आणि त्यांनाच समजावून सांगू द्या. गावच्या माणसाचं नाव ऋणनिर्देशात घालण्याआधी त्याला विचारा, आणि छापलेली एक प्रत त्यालाही द्या.